कोजागिरीच्या आत तंबू उभा हवा : पावसाळ्यानंतर ग्लॅम्पिंगची जागा तयार करताना

नोकरी मुंबईत, राहणं डोंबिवली-मुलुंडला आणि जमीन मुरबाड, शहापूर नाहीतर कर्जतकडे, अशी अनेक घरं आहेत. त्यातल्या काहींनी त्या जमिनीवर चार-सहा मोठे तंबू टाकले आहेत. आत खरा पलंग, मागे जोडलेलं बाथरूम, पुढे दोन आरामखुर्च्या. यालाच ग्लॅम्पिंग म्हणतात. पहिला हिवाळा सहसा हौसेवर निघून जातो. कस लागतो तो पहिला पावसाळा उलटल्यावर. गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं, गाद्यांना वास येत असतो, विहिरीचं पाणी गढूळ असतं आणि दिवाळीच्या बुकिंगसाठी फोन सुरू झालेले असतात. जागा नुकतीच सुरू केलेल्यांसाठी किंवा नातेवाइकाकडून चालवायला घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. कामांचा क्रम तुमच्या बुकिंगवर ठरत नाही. तो जमीन कधी वाळते आणि गावात माणसं कधी मोकळी असतात यावर ठरतो.

आधी तारखा

मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख हवामान खात्याच्या हिशेबाने ८ ऑक्टोबर आहे. सरासरीच ती, परतीचा पाऊस दुपारी ढग भरून येतो आणि तासाभरात पुरतं झोडपून जातो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकत असते. त्यामुळे एखाद्या वर्षी हातात महिना मिळतो, एखाद्या वर्षी जेमतेम दहा दिवस. तारखेऐवजी तिथीने चाललेलं बरं. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागिरी, आणि तिच्यानंतर पंधरवड्याने लक्ष्मीपूजन. कोजागिरीच्या रात्री घरच्या माणसांना तंबूत झोपवून बघायचं, असं धरा आणि तिथून मागे मोजत या.

अडचण अशी, की हेच दिवस भातकापणीचे. हळवं भात ऑक्टोबरात कापणीला येतं, गरवं नोव्हेंबरात. गावातला जो माणूस एरवी एका फोनवर येतो, तो तेव्हा स्वतःच्या किंवा भावाच्या शेतात असतो, आणि तो तिथेच असला पाहिजे. जास्त पैसे देऊन त्याला खळ्यावरून उठवून आणलंत, तर त्या वर्षापुरतं काम होईल, पण गावात तुमच्याबद्दल जे बोललं जाईल ते पुढची पाच वर्षं पुरेल. दिवाळीनंतर रायगड-ठाण्यातली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात; म्हणजे ‘कापणी झाली की बघू’ म्हणून ठेवलेल्या कामालाही माणूस मिळत नाही.

म्हणून अंगमेहनतीची मोठी कामं, म्हणजे चर काढणं, जोत्यांची डागडुजी, लाकूडकाम, गणपती गेल्यापासून नवरात्रापर्यंत उरकून घ्या. गवतकापणी आणि मुरूम पाऊस थांबल्यावर. ज्याला फक्त तुमचे दोन हात पुरतात, जसं की कापड तपासणं, दिवे लावणं, अंथरुणं मोजणं, ते कापणीच्या दिवसांसाठी राखून ठेवा.

पावसाने काय केलं ते बघून घ्या

सप्टेंबरातल्या एखाद्या जोराच्या सरीत छत्री घेऊन जागेवर उभे राहा. कोरड्या दिवशी जे कळणार नाही ते तेव्हा दिसतं: वरच्या बांधावरून येणारं पाणी कुठून वळतं, कोणत्या जोत्याला टेकतं, गाड्या लावतो तिथे किती साचतं. फोटो काढून ठेवा. खुंट्या ठोकून पाण्याची वाट दाखवून ठेवलीत तर आणखी बरं, कारण ऊन पडल्यावर ती जागा ओळखू येत नाही.

प्रत्येक जोत्याच्या वरच्या अंगाला चर हवा, आणि तो उताराकडे मोकळा झालेला हवा. नवीन मालक चर चारही बाजूंनी खणतात आणि तोंड काढायला विसरतात. मग जोत्याभोवती खंदक तयार होतो आणि त्यात डास होतात. जोत्याचा मुरूम वाहून गेला असेल तर भर घाला, पण मोठा पाऊस पुरता थांबल्यावरच. ओल्या मातीवर टाकलेला मुरूम दबत नाही, चिखलात मिसळतो. पाणी मारून धुम्मस करून घ्या आणि दोन दिवस त्यावर पाय पडू देऊ नका.

लाकडी डेक असेल तर खालून बघा. वाळवीची मातीची रेघ खांबाच्या मुळाशी दिसते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर ती फळी रंगवून चालणार नाही, बदलावीच लागेल.

झाडांकडे मान वर करून बघण्याचं काम सगळे टाळतात. तंबूवर आलेली वाळकी फांदी कधी पडेल याला वारा लागतोच असं नाही. ती पाडायला झाडावर चढणारा माहितगार माणूस लावा. त्याच वेळी मोहोळ आहे का बघा. आग्या मोहोळ वडाला, सावरीला किंवा कड्याला लागतं, आणि त्याच्याखाली शेकोटी पेटवणं म्हणजे सरळ धोक्याला बोलावणं. पाहुणे येण्याच्या तोंडावर पोळं काढायच्या भानगडीत पडू नका. त्या हंगामापुरती शेकोटीची जागाच बदला.

गवत आणि त्यातले रहिवासी

गवत कापायचं, जाळायचं नाही. पेटवून दिलेलं गवत शेजारच्या उभ्या भातात गेलं तर पुढचं सगळं संपलं. तणनाशकही नको, उतारावरचं पाणी कुणाच्या तरी शेतात, विहिरीत जातं. ग्रास कटरने कापा, आणि कापलेलं गवत शेजारच्याला गुरांसाठी द्या. तो स्वतः येऊन घेऊन जातो, तुमचं काम अर्ध्यावर येतं.

तंबूभोवती चार मीटरचा पट्टा अगदी मोकळा हवा. दगडांचा ढीग नको, विटांची थप्पी नको, सरपण तंबूपासून लांब आणि जमिनीपासून वर रचलेलं हवं. पावसाळ्यानंतर नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांची चाहूल या भागात असतेच. ते माणसाच्या मागे येत नाहीत, उंदराच्या मागे येतात. आणि उंदीर येतो तो खरकट्याच्या आणि धान्याच्या मागे. त्यामुळे सापांचा बंदोबस्त स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूपासून सुरू होतो. झाकणाचा डबा, रोज रात्री उचललेलं खरकटं, फरशीत भोक नाही. तंबूभोवती फिनेल किंवा गंधक टाकून साप अडत नाही, पैसे मात्र जातात.

मण्यारीबद्दल दोन वाक्यं जास्त. ती रात्री फिरते, उबेला येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, तेव्हा संशय येतो. म्हणून तंबूत जमिनीवर जादा गादी टाकून ‘अजून दोघं झोपतील’ हा प्रकार करू नका, पाहुणे कितीही म्हणोत. पलंग कापडी भिंतीपासून वीतभर तरी आत, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, आणि तंबूची खालची झालर जोत्याला घट्ट बसलेली. भोक दिसलं तर आजच शिवा.

साप चावलाच, तर आवळून बांधणं, चीर देणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, हात-पाय हलू न देता झोपवून १०८ ला फोन, किंवा स्वतःच्या गाडीने सरकारी रुग्णालय. मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, कर्जत आणि शहापूरला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. हंगाम सुरू होण्याआधी तिथे प्रत्यक्ष जाऊन सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर कोण असतात ते विचारून या. नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. विंचवाचंही तेच. लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातले कितीतरी जीव वाचवले. ते औषध लवकर मिळालं तरच उपयोग. पाहुण्यांना सांगायची गोष्ट साधी: सकाळी बूट झटकून घाला, रात्री टॉर्चशिवाय पायरी उतरू नका.

कापड

तंबूचं कापड दोन प्रकारचं असतं आणि दोघांचे लाड वेगळे. सुती कॅनव्हास श्वास घेतो, आत उकडत नाही, पण बुरशी धरतो. पीव्हीसीचा थर असलेलं कापड पाणी रोखतं, धुवायला सोपं, पण उन्हाने कडक होतं आणि घडीवर चिरतं. तुमचं कोणतं ते माहीत नसेल तर आतून हात लावून बघा, विणीचा स्पर्श लागला की सुती.

जूनमध्ये कापड उतरवून ठेवलं असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात ते उघडा. ऑक्टोबर हीटला मुंबईत आपण शिव्या देतो, इथे ती फुकटची भट्टी आहे. दोन्ही बाजूंनी पुरतं वाळल्याशिवाय काहीच करू नका. मग मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झाडा, नाकाला फडकं बांधून. डाग उरले तर एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, हलक्या हाताने पुसा, साध्या पाण्याने धुवा, पुन्हा वाळवा. ब्लीचिंग पावडर किंवा धुण्याची पावडर कॅनव्हासला लावू नका. ब्लीचने धागा कुजतो, साबणाने पाणी रोखणारा थर निघून जातो. काळे ठिपके पूर्ण जातीलच असं नाही. ते राहिले तरी चालतात, वास राहिला तर चालत नाही.

कापड चढवलं की पाइपने वरून दहा मिनिटं पाणी सोडा आणि एकाला आत बसवा. गळती शिवणीवर असते, नाहीतर खांबाचं टोक घासतं तिथे. शिवणीला सीम सीलर, फाटलेल्या जागी त्याच कापडाचं ठिगळ दोन्ही बाजूंनी. साध्या दोऱ्याने घरच्या मशीनवर शिवू नका, ताडपत्री शिवणाऱ्याकडे न्या. चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासा. तरीही दात सुटत असतील तर ती चेन बदला, कारण उघडी राहिलेली चेन हाच डासांचा आणि बाकीच्यांचा दरवाजा.

ताणदोऱ्या आणि खुंट्या दरवर्षी नव्याने तपासायच्या. ओल्या जमिनीत ठोकलेली खुंटी जमीन वाळली की सैल होते. म्हणून पाऊस गेल्यावर पंधरा दिवसांनी सगळ्या पुन्हा ठोका, डोकं तंबूच्या उलट्या दिशेला कललेलं ठेवून. सुती दोरी भिजली की आखडते, तेव्हा परतीच्या पावसाची शक्यता असेपर्यंत ती तारेसारखी ताणून ठेवू नका. दोऱ्यांना पांढरं फडकं किंवा चमकणारी पट्टी बांधा. रात्री बाथरूमला निघालेल्या माणसाची नडगी वाचते.

या सगळ्याची खरेदी एकाच फेरीत होते. दोऱ्या, शॅकल, जीआय पाइपचे क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटला, वायर आणि स्विच लोहार चाळीत, चादरी-पडद्यांचं कापड मंगलदास मार्केटमध्ये. सगळं चालत पाऊण तासाच्या टापूत आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र तिकडे पाय ठेवायलाही जागा नसते.

पाणी आणि संडास

पाहुणा तंबूचा रंग विसरतो, संडासाचा वास विसरत नाही. या दोन गोष्टींवर खर्च करताना हात आखडू नका. हवं तर रंगीत दिव्यांच्या माळा एक वर्ष पुढे ढकला.

बोअरवेल असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत मोटर चालवून ते शेताला सोडा. विहीर असेल तर आधी पाला-गाळ काढा, मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. प्रमाण साधारण दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायला व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या: व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते अठ्ठावीस हजार लिटर भरतं, आणि पावडर लागते ७० ग्रॅम. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन दोराने विहिरीत खाली सोडून ढवळा. रात्री करा, सकाळी वापरा. निदान तासभर तरी पाण्याला हात लावायचा नाही. पावडर ताजी हवी, उघड्या पोत्यातली जुनी पावडर नुसती पांढरी माती असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करून देतो, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. त्याच्याशी ओळख ठेवा. पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवायची वाटही तोच सांगेल.

त्यानंतर वरच्या टाक्या. रिकाम्या करून घासायच्या, झाकणं घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी.

सेप्टिक टँक हा विषय सगळ्यांना नको असतो, म्हणून तोच आधी घ्या. पावसाळ्यात भोवतालची जमीन भरलेली असते तेव्हा शोषखड्डा पाणी घेत नाही आणि संडास ‘तुंबल्यासारखा’ वाटतो. पाऊस गेल्यावर आठवडाभराने तो आपोआप सुरळीत झाला तर काही बिघडलेलं नाही. नाही झाला तर उपसा गाडी बोलवा. फायबरची किंवा प्लास्टिकची टाकी जमिनीत ओल असताना पूर्ण रिकामी करू नका, ती होडीसारखी वर उचलली जाते आणि सगळे पाइप तुटतात. टाकीत माणूस उतरवायचा नाही, कितीही ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणाला तरी. आतला वायू जीव घेतो, आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर आणि उताराच्या खालच्या अंगाला असायला हवा. तसा नसेल तर या हंगामाआधीच हलवा.

चार महिने न वापरलेल्या बाथरूममध्ये वास येतो तो बऱ्याचदा नहाणीच्या जाळीतून. जाळीखालच्या वाकड्या पाइपात, म्हणजे ट्रॅपमध्ये, वास अडवणारं पाणी सुकलेलं असतं. एक बादली पाणी ओता, निम्मे वास तिथेच थांबतात. ॲसिडच्या बाटल्या ओतू नका, टाकीतले जिवाणू मरतात आणि मग खरा वास सुरू होतो.

गरम पाण्यासाठी बंद बाथरूममध्ये गॅस गिझर नको. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नाही. सोलर असेल तर उत्तम. नसेल तर बाहेर मोठा बंब पेटवा आणि बादली दारात पोचवा. मुंबईकरांना त्याचं इतकं अप्रूप असतं की बंबाचेच फोटो जास्त निघतात.

वीज आणि आग

इलेक्ट्रिशियन गावातला असो वा कल्याणचा, त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: अर्थिंग मोजलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवला आणि चालतो, जमिनीखालच्या वायरला कुठे जोड असेल तर तो बंद डब्यात आहे. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर तो पडला पाहिजे. दर महिन्याला दाबा. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडलेली असते, ती डोळ्यांनीच शोधावी लागते. तंबूत एक्स्टेंशन बोर्ड ठेवूच नका. ठेवलात की त्यावर कुणीतरी इस्त्री लावतं.

दिवे थोडे, पिवळसर आणि खाली तोंड केलेले. पांढऱ्या झगझगीत दिव्याला किडे येतात, किड्यांमागे पाली-बेडूक, आणि बेडकांमागे कोण ते वर आलंच आहे.

तंबूच्या आत ज्योत नाही, म्हणजे नाही. मच्छर कॉइल नाही, उदबत्ती नाही, डिसेंबरच्या थंडीत कोळशाची शेगडी तर अजिबात नाही. बंद तंबूत शेगडी लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, आणि हे जाणून-बुजून नव्हे तर थंडी वाजते म्हणून केलं जातं. त्यावर उपाय जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी. शेकोटी एकच, सगळ्यांची, तंबूंपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दगडांच्या कड्यात, बाजूला वाळूच्या बादल्या. प्रत्येक दोन तंबूंमागे एक एबीसी पावडरचा अग्निशामक, काटा हिरव्यात आहे का ते बघून. जानेवारीनंतर आजूबाजूचं गवत वाळून कोळ होतं आणि डोंगरावर वणवे दिसू लागतात. तुमच्या हद्दीवर तीन-चार मीटरची जाळरेषा, म्हणजे गवत साफ केलेला पट्टा, डिसेंबर संपण्याआधी काढून ठेवा.

अंथरुणं आणि ताट

गाद्या-उशा उन्हात टाका, सलग चार दिवस, उलटून-पालटून. तरी वास राहिला तर ती गादी मजुरांच्या खोलीतही देऊ नका, टाकून द्या. चादरींचे पलंगामागे तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. शनिवारचे पाहुणे रविवारी अकराला जातात आणि नवे दोन वाजता येतात, तेव्हा तिसऱ्या जोडाची किंमत कळते. गावातल्या बायकांकडून गोधड्या शिवून घेता आल्या तर घ्या, पण ऑर्डर श्रावणात द्यायला हवी, ऑक्टोबरात नव्हे.

जेवणाचा बेत जवळच्या बचत गटाशी बसून ठरवा आणि तो छोटा ठेवा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, पिठलं, चुलीवरची कोंबडी, एवढ्यावर लोक खूश असतात. पनीर त्यांना मुंबईत मिळतं. पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, जाहिरातीत ऑक्टोबरपासून टाकू नका; वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला हाताशी येतो तो डिसेंबरअखेरपासून. हुरड्याची चौकशी होईल, तेव्हा सरळ सांगा की ती घाटावरची गोष्ट. बाहेरून पोतं आणून भाजून दिलेला हुरडा खाणाऱ्याला कळतो.

कागद

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. ग्रामपंचायतीची ना-हरकत. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी. शेतजमीन असेल आणि तुम्ही शेती करत असाल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली बसता का ते तिथे विचारा. जेवण देता म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, मग तो मित्राचा मित्र का असेना. कर्जत-नेरळ पट्ट्यात जागा असेल तर माथेरानच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात ती येते का, हे बांधकामाची एक वीट रचण्याआधी तपासा. ती अधिसूचना २००३ ची आहे, नवी नाही. दारू विकायची नाही, त्याला स्वतंत्र परवाना लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. हा कायदाच आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बांधापलीकडच्या घरात पहाटे चारला उठणारी माणसं झोपलेली असतात.

कोजागिरीची रात्र

तारीख आली. सगळे तंबू भरा. पाहुणे म्हणून भाऊ-वहिनी, मावशी, मित्र, एखादी चिकित्सक सासू असेल तर तिला आधी. पैसे घेऊ नका, पण प्रत्येकाला एक वही द्या आणि सांगा, जे खटकेल ते लिहायचं, चांगलं काही लिहायचं नाही. लहान मूल आणि साठीच्या पुढचं कुणीतरी असायलाच हवं, कारण पायरीची उंची, बाथरूमची कडी, रात्रीचा अंधार हे त्यांनाच जाणवतं.

सगळ्यांना एकाच वेळी, सकाळी आठला, अंघोळी करायला लावा. टाकी, मोटर, गरम पाणी आणि शोषखड्डा यांची परीक्षा त्याच अर्ध्या तासात होते. रात्री एकदा मेन स्विच पाडा आणि किती वेळात कोण टॉर्च घेऊन बाहेर येतो ते बघा. मसाला दूध पिऊन झालं की एकाला खोटं ‘पोटात दुखतंय’ म्हणायला लावा आणि रखवालदार कुणाला फोन करतो ते ऐका.

कोजागिरीत एक मेख आहे. त्या रात्री चांदणं इतकं असतं की सगळ्या वाटा स्वच्छ दिसतात आणि दिवे पुरेसे आहेत असं वाटतं. तुमचे खरे पहिले पाहुणे येणार दिवाळीत, म्हणजे अमावस्येच्या आसपास, जेव्हा हात लांब केला तर पंजा दिसत नाही. त्यामुळे वाटेवरच्या दिव्यांची तपासणी आठवडाभराने, चंद्र उशिरा उगवतो तेव्हा, संध्याकाळी आठला पुन्हा करा. तंबूपासून बाथरूम, बाथरूमपासून जेवणाची पडवी, पडवीपासून गाड्या, या तीन वाटा चष्मा काढून चालून बघा.

उरलेले दिवस

वहीतल्या तक्रारींतल्या निम्म्या शंभर-दोनशे रुपयांच्या असतात: हुक नाही, आरसा उंच आहे, कचऱ्याचा डबा नाही, चार्जिंगचा पॉइंट पलंगापासून लांब. त्या सगळ्या दिवाळीआधी मिटवा. मोठ्या तक्रारींपैकी एकच निवडा.

रस्ता एकदा स्वतः गाडीने, शनिवारी सकाळी, मुंबईहून येऊन बघा. पावसाने मोरी खचली असेल, नकाशा जुन्या वाटेने नेत असेल, तुमचा बोर्ड वेलीखाली गेला असेल. मग पाहुण्यांना पाठवायचा निरोप त्याच दिवशी लिहा, ताज्या डोक्याने. त्यात हे असू द्या: शेवटचा पेट्रोल पंप आणि एटीएम कुठे, मोबाइलची रेंज कुठून जाते, नकाशा बंद पडला तर कोणत्या देवळापासून कोणत्या हाताला वळायचं, लोकलने येणाऱ्यांसाठी कर्जत किंवा आसनगाव स्टेशनवरून रिक्षावाल्याला काय सांगायचं आणि साधारण किती द्यायचे. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी किंवा जीप, हेही लिहा; विचारणारे दर शनिवारी असतात. पायात बूट, अंगाला एक गरम कपडा, टॉर्च, रोजची औषधं. स्पीकर आणू नका. आणि पहिल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पोचा, म्हणजे उजेडात जागा नीट दाखवता येते: साप दिसला तर कुणाला हाक मारायची, मेन स्विच कुठे, वाळूच्या बादल्या कुठे, बंबाचं पाणी किती वाजता.